विद्यार्थ्यांकडून मुक्त सॉफ्टवेअरची मॅन्युअल्स सुधारून घ्यावीत का? अनुभव हवेत

अनुक्रमणिका

नमस्कार मंडळी. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला टेक्निकल रायटिंग शिकवते. दर सत्राच्या अखेरीस विद्यार्थी एक मॅन्युअल लिहितात. यंत्र काल्पनिक, ग्राहक काल्पनिक, आणि वाचणारी एकटी मी. मार्क पडले की ती फाइल पुन्हा कुणी उघडत नाही. यंदा त्याऐवजी सगळ्यांना एखाद्या खऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनवर कामाला लावावं असं मनात आहे.

गरज आहे यात शंका नाही. गिटहबने, म्हणजे असे प्रकल्प जिथे ठेवले जातात त्या साइटने, २०१७ साली मुक्तस्रोत प्रकल्पांशी संबंधित लोकांची पाहणी केली होती. अपुरी किंवा शिळी डॉक्स हा सगळीकडचाच त्रास आहे असं ९३ टक्के लोकांनी सांगितलं, आणि कोड देणाऱ्यांपैकी ६० टक्के लोक म्हणाले की आपण डॉक्सला क्वचितच किंवा कधीच हात लावत नाही.

अडचण अशी की माझे विद्यार्थी प्रोग्रामर नाहीत. कुणी भाषेचे, कुणी माध्यमांचे, थोडे विज्ञानाचे. बऱ्याच जणांनी टर्मिनल कधी उघडलेलं नाही. प्रकल्प कुठला निवडावा? गिट, म्हणजे बदलांची नोंद ठेवणारं साधन, शिकवण्यातच अर्धं सत्र जाईल का? मार्क नेमके कशाला द्यायचे? आणि मुख्य म्हणजे तिकडच्या लोकांना आमची मदत हवी आहे का, की आम्ही त्यांच्या डोक्याला नवा ताप?

ज्यांनी हे कुठल्याही एका बाजूने पाहिलंय त्यांनी जरूर लिहा. 'उत्तम उपक्रम, शुभेच्छा' एवढंच लिहायचं असेल तर मनातल्या मनात दिल्या तरी पोचतील. :)

खट्याळ काका

उत्तम उपक्रम, शुभेच्छा.

गोगलगाय

काका =)) पहिल्याच चेंडूवर.

पॅचवाला

मी तिकडच्या बाजूचा. एका छोट्या बॅकअप टूलचा मेंटेनर आहे, म्हणजे ते सांभाळणारा आणि बाहेरून आलेले बदल तपासून घेणारा (नाव सांगत नाही, जाहिरात नको). आम्ही मोजकी माणसं, सगळे नोकऱ्या सांभाळून करणारे.

मदत हवी आहे का? हवी आहे. पण ती कशी येते ते सांगतो. मध्येच एका आठवड्यात पुल रिक्वेस्टींची, म्हणजे 'माझा हा बदल घ्या' अशा विनंत्यांची, रांग लागते. सगळ्या डॉक्सच्या, सगळ्यांचा साचा एक, बदलासोबतची टीप (कमिट मेसेज) 'सुधारणा केली'. कुणी स्वल्पविराम इकडचे तिकडे केलेत, कुणी इन्स्टॉलेशनचं अख्खं पान नव्याने लिहिलंय. मी बसून उत्तरं देतो की बाबा रे, ही कमांड जुन्या आवृत्तीची आहे, बदल. पुढे शांतता. सत्र संपलेलं असतं, मार्क लागलेले असतात. कुठल्या कॉलेजने पाठवलं हेही शेवटपर्यंत कळत नाही.

बाहेरच्यांना वाटतं डॉक्सचा पॅच (बदल) म्हणजे काय, दोन मिनिटांचं काम. उलट आहे. कोड तपासायला माझ्याकडे टेस्ट असतात, त्या आपोआप चालतात. गद्याला टेस्ट नसते. लिहिलेलं खरं आहे का हे बघायला मला स्वच्छ मशीन घेऊन प्रत्येक पायरी स्वतः करून बघावी लागते. त्यामुळे दहा ओळींचा डॉक्सचा पॅच मला कधीकधी शंभर ओळींच्या कोडपेक्षा महाग पडतो.

ताई, तुम्ही आधी विचारताय हेच खूप आहे. बहुतेक जण विचारत नाहीत.

रात्रपाळी

पॅचवाला यांच्याशी शंभर टक्के सहमत. २०२० चा ऑक्टोबर आठवा. डिजिटलओशनचा हॅक्टोबरफेस्ट २०१४ पासून चालू होता, चार पुल रिक्वेस्ट केल्या की टीशर्ट. त्या वर्षी लोकांनी नुसता हैदोस घातला. रीडमी (प्रकल्पाची ओळख करून देणारी फाइल) उघडायचं, मथळ्यात 'अमेझिंग प्रोजेक्ट' एवढे दोन शब्द घुसडायचे आणि पाठवून द्यायचं. मेंटेनर लोक इतके वैतागले की पहिल्या काही दिवसांतच आयोजकांनी नियम फिरवला. ज्या प्रकल्पाने स्वतःहून होकार कळवलाय तिथलंच काम धरायचं.

आता तिथे टीशर्टच्या जागी मार्क टाका. काय बदललं?

अनुक्रमणिका

@रात्रपाळी, बदललं हे की मध्ये मी आहे. म्हणजे असायला हवी. पॅचवालांचं वाचून पहिली गोष्ट लिहून घेतली: आधी होकार, मग काम.

वाचकमात्र

होकाराचंच निघालंय म्हणून. २०२१ च्या एप्रिलमध्ये लिनक्स कर्नलवाल्यांनी मिनेसोटा विद्यापीठाकडून येणारे पॅच घ्यायचं थांबवलं होतं. तिथल्या संशोधकांनी मुद्दाम दोष ठेवलेले पॅच पाठवून रिव्ह्यूची परीक्षा घेतली होती, मेंटेनरांना न सांगता. ते सुरक्षेचं संशोधन होतं, डॉक्सचा काही संबंध नाही. पण 'आमच्यावर परस्पर प्रयोग करू नका' ही चीड तीच आहे. विद्यापीठाच्या पत्त्यावरून गठ्ठ्याने काही आलं की आता भुवया वर जातात.

स्वल्पविराम

मी पोटापाण्यासाठी डॉक्सच लिहिते, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसणं शक्य नाही.

पॅचवाला, तुमचा त्रास खरा आहे, पण तुम्ही विद्यार्थ्यांकडून चुकीची वस्तू घेताय. तुम्ही त्यांच्याकडून गद्य घेताय. त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा चांगलं काय असेल, तर ते अज्ञान. घरच्या जिन्याची एक पायरी उंच असली तर घरच्यांचा पाय आपोआप उचलला जातो, पाहुणा अडखळतो. तुम्ही तो प्रकल्प इतकी वर्षं वापरताय की कुठली पायरी पानावर लिहिलेलीच नाही हे तुम्हाला दिसणं शक्य नाही.

म्हणून माझं म्हणणं, पहिले काही आठवडे विद्यार्थ्यांनी एक शब्दही सुधारू नये. नव्या व्हर्च्युअल मशीनवर, पानावर लिहिलंय तसंच, अक्षरशः तसंच करत जायचं. जिथे अडलं तिथे नोंद: पान कुठलं, वाक्य कुठलं, मला काय होईल असं वाटलं होतं, प्रत्यक्ष काय झालं, सुटलो कसा. शेजारी दुसरा विद्यार्थी बसवा आणि पहिल्याला मोठ्याने विचार करायला लावा. उपयोगिता चाचणीवाले हे वर्षानुवर्षं करत आलेत. जेकब निल्सन यांनी २००० साली मांडलं होतं की पाच वापरकर्ते बसवले तरी बहुतेक मोठ्या अडचणी वर येतात. तुमच्याकडे तर वर्ग भरून माणसं आहेत.

हे अज्ञान एकदाच वापरता येतं. दुसऱ्या वेळी तोच विद्यार्थी तीच पायरी न अडखळता चढतो. ते पहिल्या दिवशी कागदावर उतरलं नाही तर गेलं.

आणि गद्याला टेस्ट नसते हे पूर्ण खरं नाही हो. पायथॉनमध्ये डॉकटेस्ट आहे, डॉक्समधली उदाहरणं चालवून उत्तर जुळतं का बघतं. लिंक तपासणारी साधनं आहेत. शैलीचे नियम तपासायला 'वेल' नावाचं साधन आहे. यातलं निम्मं काम तुमच्या सर्व्हरवर आपोआप होऊ शकतं.

पॅचवाला

@स्वल्पविराम, ती साधनं आहेत, वापरतो. डॉकटेस्ट सांगतं की कमांड चालते. वाचणारा त्या कमांडपर्यंत योग्य फोल्डरमध्ये, योग्य परवानगीनिशी पोचला का, हे ते सांगत नाही. आमचे निम्मे इश्यू (अडचणींच्या नोंदी) तिथलेच असतात.

बाकी अडखळण्याच्या नोंदीचा मुद्दा पटला. अशी एक नोंद मला दहा पुल रिक्वेस्टींपेक्षा जास्त आवडेल. वाचायला पाच मिनिटं, आणि मर्ज करायचं (म्हणजे मूळ प्रतीत मिसळायचं) काही नसतं.

खट्याळ काका

थोडक्यात, अज्ञानाला अखेर बाजारभाव आला. आमच्याकडे भरपूर साठा आहे, घाऊक दराने देऊ.

तिसरी घंटा

मी अशा वर्गातून गेलेली आहे, म्हणून विद्यार्थ्याच्या बाजूने लिहिते. जरा लांबेल.

आमच्या गटाला फोटो लावून ठेवायचं एक डेस्कटॉप ॲप मिळालं होतं. सरांनी आधीच तिथल्या लोकांशी बोलून घेतलं होतं, त्यांनी स्वतः चार पानं दाखवली होती की ही शिळी आहेत. माझ्या वाट्याला 'पहिल्यांदा सुरू करताना' हे पान. मी नवीन युजर अकाउंट काढलं, ॲप उघडलं, आणि ते बंद झालं. चूक नाही, सूचना नाही, काही नाही. पानावर लिहिलं होतं 'आता स्वागताची खिडकी दिसेल'.

नंतर कळलं की ॲप एक ठरावीक फोल्डर शोधत होतं. जुन्या वापरकर्त्यांकडे तो आधीच्या आवृत्तीपासून होता, म्हणून डेव्हलपरांपैकी कुणालाच हे कधी दिसलं नाही. मी पानावर एक सुबक परिच्छेद लिहिला: आधी अमुक फोल्डर तयार करा, त्याला अशी परवानगी द्या, मग ॲप उघडा. रिव्ह्यूमध्ये एका डेव्हलपरने लिहिलं, हे वापरकर्त्याला करायला लावणं बरं नाही, मी कोडच बदलतो. त्याने बदलला. फोल्डर नसेल तर ॲप स्वतः बनवायला लागलं. माझ्या परिच्छेदाची गरजच उरली नाही, पुल रिक्वेस्ट बंद झाली.

आता मार्कांचं बघा. मर्ज झालेल्या ओळी मोजल्या असत्या तर मला शून्य. आमच्या वर्गात एकाने पंधरा पानांवरची रिकामी ओळ काढली होती, त्याच्या सगळ्या मर्ज झाल्या. सरांनी ओळी मोजल्या नाहीत. नोंदवही, रिव्ह्यूमधला संवाद, आणि काय कळलं यावर चार पानांचा अहवाल, यांना मार्क होते. नशीब.

स्वल्पविराम

तिसरी घंटा, हे फार मोलाचं लिहिलंत. चांगला डॉक्स लिहिणारा दर आठवड्याला हेच करतो. एखादी गोष्ट समजावायला आठ वाक्यं लागत असतील तर बहुतेक वेळा दोष त्या गोष्टीत असतो.

जुनापुराणा

हे तर पहिल्यापासूनचं आहे. युनिक्स या संगणकप्रणालीचं पहिलं मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेचं. ती बनवणाऱ्या रिची आणि थॉम्पसन यांनीच लिहिलेलं. त्यातल्या पानांवर नाव, वापर, वर्णन झालं की खाली 'बग्ज' असा वेगळा मथळा असे, आणि 'ओनर' म्हणून कुणी लिहिलंय त्याचं नाव. आपल्या प्रोग्रामचे दोष आपणच छापायचे म्हटल्यावर माणूस ते छापण्याआधी दुरुस्त करायला बघतो. आजकाल 'ज्ञात मर्यादा' नावाचं पान शोधायला जावं तर ते कुठल्या तरी कोपऱ्यात, तीन वर्षांपूर्वीचं.

ताईंना एक बारकं सुचवतो. मुलांना सांगा, मूळ फाइलमध्ये प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करा. छापताना परिच्छेद एकच दिसतो, पण डिफमध्ये, म्हणजे जुना-नवा फरक दाखवतात तिथे, एक वाक्य बदललं तर तेवढीच ओळ रंगते. अख्खा परिच्छेद एका ओळीत असेल तर एक शब्द बदलूनही सगळा लाल-हिरवा होतो आणि बघणाऱ्याला काय बदललं ते शोधत बसावं लागतं. हा सल्ला युनिक्सवाल्याच कर्निगन यांनी १९७४ मध्ये दिला होता, तेव्हा गिट तर सोडाच, आजचे बहुतेक मेंटेनरही जन्मले नव्हते.

पॅचवाला

+१ एका ओळीत एक वाक्य. हे सक्तीचं करा, मी स्वतः पेढे वाटीन.

निवृत्त नारद

सगळे खुशीत दिसताय म्हणून मिठाचा खडा टाकतो.

हे काम फुकट का? टेक्निकल रायटर हा पगारी व्यवसाय आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये मोझिलाने सुमारे २५० लोकांना काढलं, त्यात एमडीएन ही त्यांची वेबची डॉक्स लिहिणाऱ्यांपैकी बरेच गेले. वेबवर काम करणारं अर्धं जग ज्या पानांवर चालतं ती पानं. मग ती पुढे चालू राहावीत म्हणून जानेवारी २०२१ मध्ये ओपन वेब डॉक्स उभं राहिलं, कंपन्यांकडून पैसे गोळा करून लेखकांना पगार द्यायला. म्हणजे चांगल्या डॉक्सला पैसे लागतात हे सगळ्यांना कळतं. गूगलने २०१९ पासून सीझन ऑफ डॉक्स चालवलं त्यातही लेखकांना मानधन होतं. आउटरीचीच्या इंटर्नशिपमध्ये डॉक्सचं काम असतं, तिथेही स्टायपेंड मिळतो.

आणि इथे? विद्यार्थी फी भरणार, वर कंपन्या ज्या सॉफ्टवेअरवर धंदा करतात त्याची डॉक्स फुकट लिहिणार. बाई मार्क देणार म्हणून नाही म्हणायची सोय नाही. याला मी मदत म्हणत नाही.

गोगलगाय

नारदमुनी, पण काल्पनिक यंत्राचं मॅन्युअल पण फुकटच लिहीत होते की. ते कुणाच्याच कामाचं नव्हतं एवढाच फरक.

निवृत्त नारद

गोगलगाय, फरक आहे. काल्पनिक यंत्राच्या मॅन्युअलचा फायदा फक्त विद्यार्थ्याला, शिकण्याच्या रूपात. इथे फायदा तिसऱ्याला जातो. मग तिसऱ्याने बदल्यात काय दिलं हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

अनुक्रमणिका

नारदकाका, मुद्दा टोचला आणि टोचायलाच हवा होता. माझं आत्तापर्यंतचं उत्तर असं. तिसऱ्याने रिव्ह्यू द्यावा. ज्या माणसाने तो प्रोग्राम लिहिलाय तो माझ्या विद्यार्थ्याचं वाक्य वाचून 'हे खरं नाही, कारण असं' म्हणतो, ते मी वर्गात कितीही मार्क कापून देऊ शकत नाही. मला सॉफ्टवेअर येत नाही, भाषा येते. जिथे रिव्ह्यू मिळणार नाही तिथे मी पाठवणार नाही. कंपन्यांच्या मालकीच्या प्रकल्पांकडे तर नाहीच.

सक्तीचं मात्र बरोबर आहे. दुसरा पर्याय ठेवावा लागेल.

कंसातला

पर्याय ठेवावाच लागेल, आणि फक्त सौजन्य म्हणून नाही. विद्यार्थ्याने लिहिलेल्या मजकुराचा कॉपीराइट साधारणपणे विद्यार्थ्याचा असतो. तो कुठल्या मुक्त लायसनखाली द्यायचा की नाही हा निर्णय त्याचा. 'नाही दिलं तर नापास' असं झालं तर त्या होकाराला अर्थ नाही. ज्याला जाहीर करायचं नाही त्याला तेच काम खाजगी प्रतीवर करू द्या, मार्क तेच.

दुसरं, नाव. गिटमध्ये कमिट गेलं की नाव आणि ईमेल इतिहासात कायमचं. मुलांना पहिल्याच तासाला सांगा. टोपणनाव चालतं का ते प्रकल्पाला विचारा. गिटहबवर खरा ईमेल लपवून त्यांचाच एक पत्ता वापरायची सोय आहे, ती आधी चालू करा. नंतर करून उपयोग नाही.

तिसरं, लायसन वाचा. लिब्रेऑफिसच्या गाइड्सना जीपीएल ३ किंवा क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन असं दुहेरी लायसन आहे. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची मॅन्युअल्स बहुतेक जीएफडीएल या डॉक्ससाठीच्या लायसनखाली. हे जीएफडीएल २००० साली आलं, त्यात 'हे विभाग बदलायचे नाहीत' असं ठरवायची मुभा होती. त्यावरून डेबियन ही लिनक्सची आवृत्ती बनवणारे वर्षानुवर्षं भांडले, शेवटी २००६ मध्ये मतदान घेऊन ठरवलं की असे न बदलता येणारे विभाग नसतील तरच ते मुक्त मानायचं. एका ठिकाणचा परिच्छेद उचलून दुसऱ्या ठिकाणी डकवण्याआधी हे सगळं बघावं लागतं, आणि विद्यार्थी हमखास डकवतात.

खट्याळ काका

कंसातला यांनी एकही कंस न वापरता तीन मुद्दे लिहिले. तब्येत बरी आहे ना?

कंसातला

(बरी आहे.)

उगवता कोडर

बाळबोध प्रश्न विचारतो, रागावू नका. हे सगळं आता एआय लिहून देणार ना? रिपॉझिटरी (प्रकल्पाच्या सगळ्या फाइली) दाखवली की पानं तयार. विद्यार्थी कशाला?

रात्रपाळी

देतं की. आणि प्रोग्राममध्ये नसलेला एखादा पर्यायही तितक्याच आत्मविश्वासाने लिहून देतं. वाक्यं गुळगुळीत असतात म्हणून रिव्ह्यू करणारा झोपतो. एप्रिल २०२४ मध्ये जेंटू या लिनक्सच्या आवृत्तीने ठराव करून असा मजकूर घ्यायचा नाही असं ठरवलं, त्यात डॉक्युमेंटेशनसुद्धा येतं. प्रत्येक प्रकल्पाचा नियम वेगळा, पाठवण्याआधी विचारा.

स्वल्पविराम

शिवाय एआय अडखळत नाही. पानावर नसलेली पायरी ते स्वतः भरून काढतं आणि पुढे जातं. आपल्याला नेमकी तीच पायरी हवी आहे. विद्यार्थ्याने नोंद केल्यावर इंग्रजी सफाईसाठी वापरलं तर माझी हरकत नाही, पण नोंद स्वतःच्या मशीनवरची हवी.

वाचकमात्र

गिटच्या प्रश्नाला अजून कुणी हात लावला नाही. भाषेच्या विद्यार्थ्यांना गिट शिकवणं म्हणजे पहिले दोन आठवडे रडारड. मर्ज कॉन्फ्लिक्ट (दोघांचे बदल एकमेकांत अडकणं) आला की फोल्डर डिलीट करून पुन्हा क्लोन (नवी प्रत), हा उपाय ते स्वतःच शोधून काढतात.

ते टाळायचं असेल तर लिब्रेऑफिसची गाइड्स बघा. ती रायटरमध्येच लिहिली जातात, ओडीटी फाइलमध्ये, बदल नोंदवत. टर्मिनल लागत नाही, आणि ज्या प्रोग्रामबद्दल लिहायचं तोच हातात. उलट टोक हवं असेल तर गिटचंच मॅन्युअल. पॅच मेलिंग लिस्टवर ईमेलने पाठवायचे, नवखा माणूस तिथे पहिल्याच दिवशी गार पडतो.

स्वल्पविराम

मी मात्र गिट शिकवावं याच मताची. पुढे नोकरीत लागतंच. सुरुवात ब्राउझरमधून करा, पान उघडून पेन्सिलवर टिचकी, बदल, पाठव. टर्मिनल नंतर.

आणि वर्गात दानिएले प्रोचिदा यांची मांडणी जरूर शिकवा, डायटॅक्सिस. शिकवणारं पान, काम करून घेणारं पान, संदर्भाचं पान आणि समजावणारं पान, चारही वेगळी ठेवायची. बिघडलेलं पान बहुतेकदा या चारांची खिचडी असतं. मुलांना दोष ओळखायला एक चांगलं हत्यार मिळतं.

पॅचवाला

हत्यार शिकवा, पण हातात देऊन आमच्यावर सोडू नका. एकदा एकाने आमची एकूण सात पानं चार फोल्डरांत विभागून दिली होती. दोन फोल्डर रिकामे. जुन्या सगळ्या लिंका तुटल्या. मांडणी बदलणं हा मेंटेनरचा निर्णय. विद्यार्थ्याने इश्यू उघडून 'हे पान दोन कामं एकदम करतंय' एवढं लिहावं.

जुनापुराणा

मांडणी बदलायला मोठ्यांनाही वेळ लागतो. कर्नलवाल्यांनी २०१६ मध्ये डॉक्ससाठी डॉकबुक ही जुनी पद्धत सोडून स्फिंक्स हे साधन धरलं, त्यानंतर जुन्या साध्या टेक्स्ट फाइली स्फिंक्सच्या आरएसटी या स्वरूपात आणायचं काम वर्षानुवर्षं चाललं. एका सत्रात कुणी क्रांती करू नये.

तिसरी घंटा

सत्राच्या वेळापत्रकाबद्दल एक राहिलं. आमच्या वेळी निम्म्या पुल रिक्वेस्टींना पहिलं उत्तरच सत्र संपल्यावर आलं. तिकडचे लोक सवडीने बघतात, त्यात त्यांची चूक नाही. म्हणून पहिला छोटासा बदल तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच जायला हवा. एकच वाक्य असलं तरी चालेल. आणि सत्र संपल्यावर उरलेल्यांचं काय, हे आधी ठरवा. आमच्या सरांनी दोघांना उन्हाळ्यात त्यासाठी ठेवलं होतं, उरलेलं पुढच्या वर्गाने उचललं. दुसऱ्याची अर्धवट पुल रिक्वेस्ट पुरी करणं हा त्यांचा पहिला गृहपाठ.

निवृत्त नारद

हे आवडलं. आधीच्या प्रतिसादातला खडा थोडा विरघळला असं समजा. थोडाच.

अनुक्रमणिका

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नांकडे येते, म्हणजे मलाही कळेल मी काय ठरवलंय.

प्रकल्प एकच, छोटा, लेखी होकार असलेला. अख्खा वर्ग त्यावर, पण चार-चारचे गट, आणि गटाबाहेर काही जाण्याआधी दुसऱ्या गटाने ते स्वच्छ मशीनवर करून बघायचं. म्हणजे मेंटेनरपर्यंत पोचणारी प्रत्येक पायरी निदान दोन वेगळ्या माणसांच्या हातून गेलेली असेल. सुरुवातीला फक्त अडखळण्याची नोंदवही. त्यातून निवडक इश्यू, एकत्र करून, एकाच गोष्टीचे चार नकोत. मग गटाला एक छोटी पुल रिक्वेस्ट, ब्राउझरमधून. मार्क नोंदवहीला, गटांच्या आपसातल्या तपासणीला आणि रिव्ह्यूला दिलेल्या उत्तरांना. मर्ज झालं की नाही याला शून्य मार्क. ज्याला जाहीर करायचं नाही त्याला खाजगी प्रत.

लिब्रेऑफिसचा विचार गंभीरपणे केला, पण इतक्या मोठ्या गाइडमध्ये माझी मुलं हरवतील असं वाटतं. छोटाच हवा.

आता फक्त तो छोटा प्रकल्प सापडायचा आहे. पॅचवाला, तुमच्याकडे बघतेय असं समजू नका. (बघतेय.)

खट्याळ काका

कंस लागण झाली.

पॅचवाला

मला वाटलंच होतं हे इथे येणार. घरी विचारलं, म्हणजे दुसऱ्या मेंटेनरला. तो म्हणाला, नोंदवह्या येणार असतील तर चालेल, पुल रिक्वेस्टींची रांग नको.

आमचं 'बॅकअप परत कसा आणायचा' हे पान सर्वांत वाईट आहे. बॅकअप घ्यायचं पान छान आहे कारण तो सगळे रोज घेतात, परत आणायची वेळ क्वचित येते आणि तेव्हा माणूस आधीच घाबरलेला असतो. नेमकं तेच पान विद्यार्थ्यांना द्या. एका मशीनवर बॅकअप घ्या, दुसऱ्या कोऱ्या मशीनवर फक्त पान वाचून परत आणा. जमलं नाही तर कुठे अडलं ते लिहा. मला खात्री आहे की बऱ्याच जणांना जमणार नाही.

अटी अशा. एका वेळी पाचच पुल रिक्वेस्ट उघड्या. गटातला एक जण बोलेल, चौघे एकदम नाही. मी आठवड्यातून एकदा, रविवारी बघणार, मधे आठवण करू नका. रिलीजच्या आधीचे दोन आठवडे काहीच पाठवायचं नाही, त्या तारखा मी आधी देईन. आणि एका ओळीत एक वाक्य.

तुमचं सत्र कधी सुरू होतंय?

अनुक्रमणिका

सगळ्या अटी मान्य. तारखा आणि विद्यार्थ्यांची संख्या व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पाठवली आहे. रिलीजच्या तारखा कळल्या की वेळापत्रक त्याभोवती बसवते.

पॅचवाला

व्यनि मिळाला. तुमच्या सहाव्या आणि सातव्या आठवड्यात आमचा रिलीज येतोय. तेव्हा आपसातली तपासणी ठेवा.